एकशे ऐंशी महिने

काशीवहिनींचे निळे अंतर्देशीय पत्र गेली आठ वर्षे एका जुन्या शब्दकोशात पडून होते. कोणत्या पानावर, हे हरिश्चंद्रांना पाठ होते, पण त्या पानाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. वाचताना त्याच्या आसपासचा एखादा शब्द अडलाच तर ते दुसरा, फाटका कोश काढत. त्यातही तो सापडला नाही तर अडलेला शब्द तसाच सोडून पुढे वाचत.

पत्र उघडायची गरजही नव्हती. ते चार-पाच ओळींचेच होते. ‘चि. हरिश्चंद्र भावोजी यांस काशीवहिनीचा आशीर्वाद. नांदगावच्या जागेचे पैसे आल्याचे बाबूकडून समजले. मला घाई नाही. पण एकंदर किती आले तेवढे कळवावे, म्हणजे माझ्या मनाशी हिशेब राहील. गुडघे धरल्यामुळे यंदा चवथीला येणे जमेलसे वाटत नाही. रियाला गोड पापा.’ वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. प्रत्येक अक्षर त्यांनी तांदूळ निवडावेत तसे निवडून ठेवले होते.

या पत्राला हरिश्चंद्रांनी उत्तर दिले नाही. एकतीस वर्षे हायस्कूलच्या कचेरीत कारकुनी करताना त्यांनी दुसऱ्यांची हजारो पत्रे लिहिली होती. शिक्षण खात्याला, पालकांना, सरपंचाला. पण स्वतःचे म्हणून काही लिहायचे, बोलायचे झाले की ते उद्यावर ढकलत. बाजारात ओळखीचा माणूस समोरून येताना दिसला तर ते उगाच दुकानाच्या पाटीकडे बघत उभे राहत. तरी सुरुवातीला त्यांनी उत्तराचे कच्चे मसुदे केले. एकात मायना जमला नाही, एकात कारण लंगडे वाटले. सगळे मसुदे निरनिराळ्या पुस्तकांत खुणा म्हणून गेले.

पण खरे कारण मायन्याचे नव्हते. नांदगावजवळची ती हमरस्त्याला लागून असलेली जागा त्यांचे थोरले भाऊ धोंडू यांनी मुंबईच्या गोदीत हमालीपासून सुरुवात करून साठवलेल्या पैशांतून घेतली होती, आणि घेताना धाकट्याचे नाव आपल्या नावाशेजारी घातले होते. धोंडू गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. मग रस्ता चौपदरी व्हायचा ठरला, जागा त्यात गेली आणि मोबदला मंजूर झाला. बँकेच्या खेपा वहिनींना झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्या एकदाच भांडुपहून कणकवलीला आल्या आणि सगळी रक्कम दिराच्या खात्यात जमा व्हावी अशा संमतीपत्रावर सही करून रात्रीच्या गाडीने परत गेल्या. दहा लाख ऐंशी हजार आले. त्यातले निम्मे वहिनींचे.

पत्र आले त्या दिवशी मुलगा सुशांत जेवायला बसला होता. कोणाचे पत्र, काय म्हणते काकी, असे त्याने विचारले. हरिश्चंद्र म्हणाले, घाई नाही म्हणतात. सुशांतने भात कालवता कालवता विचारले, म्हणजे तिला नकोच आहेत का पैसे? त्यावर हरिश्चंद्रांनी ‘हूं’ म्हटले. तो हुंकार होकाराचा होता की नुसताच घशातला, हे त्यांनाही त्या वेळी सांगता आले नसते. सुशांतला मात्र तेवढा पुरला. पर्यटकांना समुद्रात फिरवण्यासाठी ओमकार नावाच्या मित्राबरोबर यांत्रिक होडी घ्यायची त्याची बोलणी चालली होती आणि त्याला नेमके पाच-साडेपाच लाख कमी पडत होते.

होडीने दोन हंगाम बरे दिले. मग टाळेबंदी आली, आणि ती उठते न उठते तोच मे महिन्यात तौक्ते वादळाने होडी दोर तोडून खडकावर नेली. इंजिन तेवढे भंगाराच्या भावाने गेले. उरलेल्या पैशांत कर्ज घालून सुशांतने घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. खोल्यांना रंग लागला, पाट्या लागल्या, वातानुकूलन यंत्रे लागली, आणि हप्ता लागला. सुशांत आता दुसऱ्याची गाडी चालवून लोकांना किल्ला आणि किनारे दाखवी.

या सगळ्याच्या वर गणपती होता. मोबदला लालफितीत अडकला होता त्या वर्षीच्या चवथीला हरिश्चंद्रांनीच गाऱ्हाणे घालताना देवाला सांगणे केले होते, की पैसे हातात आले तर पाच दिवसांचा गणपती एकवीस दिवस ठेवू. गाऱ्हाणे हे एकच असे बोलणे होते जे त्यांना चारचौघांत जमे. कारण त्याचे शब्द ठरलेले, चाल ठरलेली, आणि प्रत्येक वाक्याला लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे हेही ठरलेले. घरातला वडील पुरुष म्हणून ते दरवर्षी हात जोडून उभे राहत आणि न अडखळता बोलत. पैसे आले. तेव्हापासून नऊ वर्षे एकवीस दिवस गणपती, रोज रात्री वाडीचे भजन, भजनाला आलेल्या पन्नास माणसांना उसळ-पाव आणि चहा. वाडीत या घराचे नाव झाले. हे नाव दर श्रावणात सून अनुजाच्या बांगड्या पतपेढीत ठेवून विकत घेतले जाई आणि उन्हाळ्यात खोल्या भरल्या की बांगड्या सुटून येत.

यंदा मे महिन्यातच पाऊस लागला. आलेले पर्यटक भिजत गाड्यांत बसून निघून गेले, खोल्या रिकाम्या राहिल्या. बांगड्या सुटल्या नाहीत. आषाढात पेढीची नोटीस आली, अमुक तारखेला लिलाव.

अनुजा रडली नाही, भांडलीही नाही. नोटीस तिने देवघराच्या खुंटीला अडकवली, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी. त्या रविवारी जेवणे झाल्यावर तिने ताटे उचलू दिली पण कोणाला उठू दिले नाही. यंदा दहावीत गेलेल्या रियाच्या हातात तिने एक निम्मी कोरी वही दिली आणि सांगितले की आता प्रत्येकाने सांगायचे, आपल्या हातात किती येते, कुठे जाते आणि कोणाचे किती देणे आहे. लपवलेले सगळ्यांत आधी. सुरुवात तिने स्वतःपासून केली. ती दोन भिशा भरत होती. त्यातली एक आधीच उचलून तिने रियाच्या क्लासची फी भरली होती आणि हे नवऱ्याला ठाऊक नव्हते. मग सुशांतने ओमकारचे चाळीस हजार सांगितले. रियाने, कोणी विचारले नसताना, शाळेसमोरच्या दुकानातली एकशे दहा रुपयांची उधारी सांगितली. हरिश्चंद्रांनी खाली मान घालून पुस्तकांचे महिना सहाशे सांगितले.

“अण्णांची पुस्तकां म्हणजे आमच्या होडयेसारखीच,” सुशांत म्हणाला. “बांधून ठेवलेली, आणि भाडां कायच नाय.”

रिया हसली. हरिश्चंद्रही हसल्यासारखे झाले. तेवढ्यात अनुजाने वही बघायला मागितली आणि रियाने शेवटी आखलेल्या एका रकान्यावर बोट ठेवले.

“ह्या काय? ‘इतर’? ह्या खोड आधी. आमचां घर त्या ‘इतर’मध्येच गेलां.”

असे रविवार सुरू झाले. महिन्याची आवक चाळीस हजार : हरिश्चंद्रांची पेन्शन, सुशांतचा पगार आणि खोल्यांचे वर्षाच्या सरासरीने काढलेले पाच हजार. वर्षाची सरासरी काढायची ही कल्पना रियाची. तोपर्यंत घरात मे महिन्यातल्या पैशांना पैसे म्हणत आणि बाकीचे अकरा महिने आपण सध्या जरा अडचणीत आहोत असे समजत. आता सुरमई बंद झाली, तारले आणि बांगडे येऊ लागले, तेही वाटा संध्याकाळी स्वस्त होतो तेव्हा. खोल्यांतले एक वातानुकूलन यंत्र विकले. हरिश्चंद्रांनी पुस्तकांचे सहाशे स्वतःच्या हाताने खोडले. बांगड्यांवर दुसऱ्या रविवारी बोलणे झाले. व्याजासकट रक्कम बांगड्यांच्या किमतीच्या जवळ गेली होती. सुशांत कुठून तरी उचल घ्यायच्या गोष्टी करू लागला तेव्हा अनुजाने वही मिटली.

“जांवदेत,” ती म्हणाली. “माझ्या आवशीन दिल्ल्यो. पण जांवदेत.”

आईने दिलेल्या त्या बांगड्यांच्या लिलावाला ती पेढीत गेली नाही. घरामागची खोली धूत राहिली.

हरिश्चंद्र या सगळ्यात बसत, बेरजा तपासून देत, आणि दर रविवारी उठताना त्यांच्या छातीवर एक दगड जास्त असे. वहीत सगळ्यांचे देणे चढले होते. ओमकारचे होते, भिशीचे होते, शाळेसमोरचे एकशे दहा रुपयेही होते आणि त्यावर फेडल्याची खूण होती. फक्त एक आकडा नव्हता, आणि तो सगळ्यांहून मोठा होता. पहिल्या रविवारी सांगता आले नाही. दुसऱ्या रविवारी बांगड्या निघाल्या. अशा वेळी कसे सांगायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊनच बैठक मारली, पण त्या दिवशी गणपतीचा खर्च निघाला. रियाने मागच्या वर्षाच्या चिठ्ठ्या जुळवून बेरीज केली. बहात्तर हजार. पाच दिवस ठेवला तर अठरात होतो. चोपन्न हजार वाचतात, म्हणजे महिन्याला साडेचार हजार.

मग सुशांत हळू आवाजात म्हणाला की देवाला केलेले सांगणे आहे, ते असे वहीत खोडता येत नाही. ते सोडवायचे तर पुन्हा गाऱ्हाणे घालून, सगळ्यांसमोर, कारण सांगून सोडवावे लागते.

“आणि कारण कोण सांगतलो? वाडी काय म्हणतली?” अनुजा म्हणाली.

दोघांनीही हरिश्चंद्रांकडे बघितले नाही, हेच त्यांना जास्त लागले. गाऱ्हाणे घालणारे तेच होते. त्यांच्याकडून होणार नाही हे घराने धरूनच चालले होते. त्यांनी शब्दकोश उचलला आणि तसाच परत कपाटात ठेवला.

मधले एक-दोन रविवार तसेच गेले आणि शेवटचा रविवार चवथीच्या तीन दिवस आधी आला. जेवण संपत आले असताना मुंबईहून सकाळच्या गाडीने उतरलेला शेजारचा बाबू पडवीत येऊन उभा राहिला. बाबू भांडुपला वहिनींच्याच चाळीत राहायचा आणि दरवर्षी चवथीला त्यांचे पाकीट घेऊन यायचा. पाकिटात गणपतीसाठी पाचशे एक रुपये. पत्राला उत्तर गेले नाही त्या वर्षीही पाकीट आले होते, आणि त्यानंतर दरवर्षी. आत चिठ्ठी कधीच नसे. पाकिटावर मात्र ‘श्री गणपतीस’ असे ते निवडलेले अक्षर असे.

यंदा पाकिटावर काही लिहिलेले नव्हते.

हरिश्चंद्रांनी ते उलटसुलट करून बघितले. बाबूच्या ते लक्षात आले.

“तिका आता दिसना नाय,” तो म्हणाला. “एक डोळो गेलोच, दुसऱ्यात सावली तेवढी. माझ्यासमोर हातान चाचपत नोटी मोजल्यान. काय निरोप सांगू इचारलंय, तर म्हणाली, काय नको. बरो आसा मां तो, इतक्याच बघून ये.”

मग त्याने चहा पीत पीत बाकीचेही सांगितले. वहिनी अजून अगरबत्तीच्या पुड्या भरतात, बोटांना सवय आहे म्हणून जमते. डोळ्याचे वेळेत केले असते तर वाचला असता असे डॉक्टर म्हणाले. पण त्या वेळी त्या, पैसे कुठून तरी यायचे आहेत, आले की करू, असे म्हणत राहिल्या. कुठून ते बाबूला माहीत नव्हते. त्याने कप खाली ठेवला, रियाची उंची किती वाढली म्हणून कौतुक केले आणि तो गेला.

हरिश्चंद्र उठून आत गेले. शब्दकोश काढला, पान उघडले. पत्राच्या घड्या चिकटल्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी ते रियाच्या वहीवर ठेवले आणि म्हणाले, मोठ्याने वाच.

रियाने वाचले. ‘गोड पापा’पाशी तिचा आवाज बदलला. अनुजाने पत्र हातात घेऊन तारीख बघितली, आणि मग सासऱ्यांकडे बघितले. सुशांत मात्र अजून ‘मला घाई नाही’ आणि ‘पण’ यांच्यामध्येच अडकला होता.

“अण्णा, तुमी म्हणाल्यात, काकीक पैसे नको म्हणान.”

“तसा मी म्हणूक नाय.”

“मग काय म्हणाल्यात?”

“हूं म्हणालंय.”

सुशांतचा चेहरा लहानपणी शाळेत विनाकारण छडी खाऊन आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“त्या एका ‘हूं’वर मी होडी घेतलंय,” तो म्हणाला. “चार-पाच वर्सां माका वाटता, माझा नशीबच फुटका. आणि ह्या दुसऱ्याचा खावन बसलंय, ता माका म्हायतच नाय. तुमका म्हायत होता.”

तो चपला घालून निघून गेला. हरिश्चंद्रांना वाटले, त्याने ओरडायला हवे होते.

अनुजाने पत्राची नीट घडी केली. तिने रियाला फक्त एवढे सांगितले की देण्यांच्या पानावर सगळ्यांत वर जागा ठेव. रियाने लिहिले : काशीआजी, पाच लाख चाळीस हजार. मग सगळे पान नव्याने मांडले. कुठून काय निघेल याचा खल संध्याकाळपर्यंत चालला. निघत होते ते गणपतीतून वाचणारे साडेचार हजारच. त्यातले दीड हजार खोल्यांच्या हप्त्याला हवेतच. उरले तीन. रियाने भागाकार केला.

“एकशे ऐंशी महिने,” ती म्हणाली. आणि मुलांना जशी सवय असते तशी तिने पुढची ओळही सोडवून टाकली. “म्हणजे पंधरा वर्षं. काशीआजी आता अठ्ठ्याहत्तर ना? तेव्हा त्र्याण्णव.”

बोलून झाल्यावर तिचे तिलाच कळले. तिने पेन्सिल खाली ठेवली. हरिश्चंद्रांनी भागाकार तपासला. बरोबर होता.

चवथीला माटवीखाली, मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीखाली, गणपती बसला. माटवीला नारळ, काकड्या, कवंडळांची लाल रानफळे टांगली होती. दिव्यांची रोषणाई यंदा नव्हती. दुपारी आरतीला वाडी जमली. भजनी बुवा सत्यवान आपला पखवाजवाला घेऊन पुढे बसले होते आणि एकवीस दिवसांत कोणत्या रात्री कोणाची बारी लावायची हे कुजबुजत ठरवत होते. सुशांत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तीन दिवसांत तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

हरिश्चंद्रांनी हात जोडले.

“बा देवा गणपती म्हाराजा, आज चवथीच्या दिसाक तुझी सेवा जमली तशी केली आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले.

“ह्या घरातली लेकरां-बाळां पोटापाण्याक मुंबैक, गोयात खंय खंय आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

इथपर्यंत शब्द दरवर्षीचे होते. पुढे ठरलेले शब्द संपले. आपल्याला हे जमणार नाही, आत्ता ‘चूकभूल पदरात घे’ म्हणून मोकळे व्हावे, असे वाटून त्यांनी श्वास घेतलाही. समोर पाटाच्या कडेला वहिनींचे कोरे पाकीट ठेवले होते.

“बा देवा म्हाराजा,” ते म्हणाले, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले, “बा देवा म्हाराजा, धा वर्सांपूर्वी ह्या घरान तुका सांगणां केला, पैसे हातात इले तर एकवीस दिस तुझी सेवा करू. पैसे इले रे म्हाराजा. पण त्यातले अर्धे आमचे नाय होते. ते माझ्या वयनीचे, काशीबायचे होते. तिना कागद धाडून इचारल्यान, आणि मिया जबाब दिलंय नाय. तिचे पैसे आमी खाल्ले, आणि तेच्यार तुका एकवीस दिस बसवलो. तिचो डोळो गेलो रे म्हाराजा. ह्या वर्सापासून तुझी सेवा पाच दिस. वाचतीत ते तिका. ह्येच्यात कोप करूचो झालो तर माझ्या झिलार करू नको, सुनेर करू नको. तेंका म्हायत नाय होता. माझ्या माथ्यार घाल रे म्हाराजा.”

कोणी ‘व्हय’ म्हटले नाही.

बायकांच्या बाजूला कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी लागले. मागच्या मागे दोघे-तिघे अंगणात उतरले. हरिश्चंद्र हात जोडून तसेच उभे राहिले, कारण गाऱ्हाणे पुरे झाल्याशिवाय हात सोडता येत नाहीत. शेवटी सत्यवानबुवांनी घसा खाकरला आणि रीत अर्धी राहू नये एवढ्यापुरते ते म्हणाले, “व्हय म्हाराजा.” त्यांच्यामागून आणखी चार आवाज आले, पुढे-मागे. सुशांतचा त्यात नव्हता.

आरती झाली. प्रसाद घेताना सत्यवानबुवा हरिश्चंद्रांजवळ वाकले.

“हरीभाऊ, ह्या घरात सांगूचा. देवासमोर कित्याक? आता तुझ्या नातीच्या लग्नापर्यंत वाडी ह्या विसरूची नाय.”

ते खरेच होते. पुढच्या चार रात्रींत भजनाला मोजून नऊ-दहा माणसे आली. काही जण गाऱ्हाण्याचे कळल्यावर मुद्दाम येऊन बसले, उसळ नाही हे बघून उठले. दुकानात अनुजाला कोणीतरी विचारले, पुढच्या वर्षी दीड दिवसाचा का. तिने साखर घेतली आणि पिशवीचे तीन रुपये नकोत म्हणून पदरात बांधून आणली. पाचव्या दिवशी, रविवारी, ताशाशिवाय विसर्जन झाले. समुद्र खवळलेला होता. मूर्ती सुशांतने डोक्यावरून नेली. हरिश्चंद्र किनाऱ्यावर उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी पहिले तीन हजार बाबूच्या हातात मोजून दिले. बाबू म्हणाला, चिठ्ठी असेल तर तीही द्या, उद्या निघतोय. हरिश्चंद्रांनी नकारार्थी मान हलवली. वहिनींनी टपालाने विचारले होते, उत्तरही टपालानेच जायला हवे होते.

त्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी अंतर्देशीय पत्र घेऊन बसले. मसुदा केला नाही. अक्षर मोठे काढले, मग त्यांच्या लक्षात आले की वहिनी ते वाचणारच नाहीत. चाळीतली कोणी मुलगी वाचून दाखवील, मोठ्याने, आणि चार शेजारणी ऐकतील. त्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने त्यांनी तसेच मोठ्या अक्षरात पुढे लिहिले.

‘ती. काशीवहिनींस हरिश्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही विचारले होते, किती आले. दहा लाख ऐंशी हजार आले. त्यातले पाच लाख चाळीस हजार तुमचे. ते आम्ही खर्च केले. तुम्हाला नको आहेत असे घरात मी समजू दिले. सुशांतची त्यात चूक नाही. आता महिन्याला तीन हजार निघतात, ते दर महिन्याला येतील. असे एकशे ऐंशी महिने, म्हणजे पंधरा वर्षे. हिशेब रियाने केला, मी तपासला. एवढी वर्षे तुमच्यापाशी किंवा माझ्यापाशी आहेत असे मला लिहिता येत नाही. माझ्यामागे सुशांत देईल असे लिहायचे होते, पण तो माझ्याशी अजून बोललेला नाही. डोळ्याचे बाबूने सांगितले. त्यावर काय लिहावे ते मला कळत नाही.’

एवढे लिहून ते पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा सुशांत टेबलाशी उभा राहून पत्र वाचत होता. हरिश्चंद्र दारातच थांबले. सुशांतने शेवटपर्यंत वाचले, पुन्हा मधे कुठेतरी गेला, आणि पत्र होते तसे ठेवले.

“ता माझ्याबद्दलचा वाक्य,” तो म्हणाला, “काढू नकात. खरा आसा ता.”

आणि तो गाडी धुवायला बाहेर गेला.

हरिश्चंद्रांनी वाक्य काढले नाही. खाली सही केली, तारीख घातली, पत्राच्या कडा दुमडून चिकटवल्या.

सोमवारी सकाळी पाऊस नव्हता. टपाल कचेरीतली नम्रता नुकतीच कुलूप काढत होती. तिने त्यांना ओळखून वाट दिली, पण बोलली नाही. तीही चवथीला आरतीला होती. या लाल पेटीपर्यंत हरिश्चंद्र गेल्या आठ वर्षांत किती वेळा आले होते याची गणती नव्हती. एखादा मसुदा पाकिटात घालून ते येत, आणि कधी पत्ता पुन्हा तपासायला म्हणून, कधी तिकीट बरोबर आहे का बघायला म्हणून पाकीट खिशात घालून परत फिरत. आज त्यांनी पत्ता बघितला नाही. पत्र फटीत घातले, बोटांनी आत ढकलले आणि सोडले.

घरी जाऊन त्यांनी वही उघडली आणि ‘खर्च’ या रकान्यात लिहिले : टपाल, अडीच रुपये.